बॉस, आधी टायर बघ!

शनिवार, सकाळचे साडेदहा. नाना पेठेत गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे लॉटरीच, आणि त्यात माझी गाडी सव्वापाच मीटर लांब! इसुझुची डी-मॅक्स व्ही-क्रॉस, 2016 चं मॉडेल, सेकंडहँड. मागे डबा, पुढे अडीच लिटरचं डिझेल इंजिन आणि ड्रायव्हिंग सीटवर हिंजवडीत कीबोर्ड बडवणारा एक जीव. आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका तिला अजूनही ‘टेम्पो’च म्हणतात. म्हणोत बापडे.

नाना पेठ म्हणजे पुण्यातल्या गाडीवाल्यांची पंढरी. दहा बाय दहाची दुकानं, छतापर्यंत खोके, आणि ‘शेठ, अमुक गाडीचा तमुक पार्ट’ म्हटलं की वर न बघता हात बरोब्बर त्या खोक्यावर! या वेळी माझ्याकडे चार ओळींची यादी होती. गेल्या वर्षी हीच यादी तीन पानी होती आणि तिच्यात टायर हा शब्दच नव्हता.

झालं असं, की 2024 च्या मे महिन्यात बोनस मिळाला. हातात पैसे आणि दारात पिकअप, मग काय! हायवेवरच्या एका वर्कशॉपवाल्याने लॅपटॉप जोडला आणि तासाभरात इंजिनाचा मेंदूच बदलून दिला. रीमॅप म्हणतात त्याला. डिझेल किती फवारायचं, टर्बोने हवा किती दाबायची, हे कंपनीने ठरवलेलं गणित बदलायचं, की टॉर्क वाढतो. मूळचा 320 न्यूटन-मीटर, ‘आता आरामात 380,’ असं तो म्हणाला. पावती 32 हजारांची. एक सांगतो, पिकअप दिली की सॉल्लिड मजा यायची! दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये मात्र रीमॅपवाला आणि बिगर-रीमॅपवाला दोघेही सारखेच उभे.

जूनच्या शेवटी आम्ही तिघं ओतूरला मामाकडे निघालो. तिथून पुढे माळशेज. पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने रस्ता जातो तिथे पहिली सर आली, आणि घाटाच्या तोंडाशी धुकं इतकं, की पुढच्या एसटीचे लाल दिवेच तेवढे दिसत होते. उतरताना काही झालं नाही. परत चढताना एका वळणावर दुसरा गिअर टाकून पाय दिला. दोन हजार आरपीएमला टर्बो जागा झाला, आणि मागची चाकं जागा सोडून डावीकडे निघाली. आवाज नाही, काही नाही. आरशात आधी डोंगर दिसत होता, आता दरी दिसायला लागली. गाडी थांबली तेव्हा मागचा बंपर कठड्यापासून हातभर लांब होता. कोणी बोललं नाही. मागे बसलेल्या मित्राने फक्त गाण्यांचा आवाज बंद केला. तिथून पुढे चढ संपेपर्यंत क्लच घसरत होता. रेस वाढतेय, गाडी वाढत नाहीये, आणि जळका वास.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. गाडीभोवती एक चक्कर मारली. ‘काय रं भाच्या, गाडी पळती ते कळलं. थांबती का?’

दुसऱ्या दिवशी ते मला पहाटे नारायणगावच्या टोमॅटो मार्केटला घेऊन गेले. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांनी एकदा सीझनमध्ये जरूर बघावं. पाऊस भुरभुरतोय, हॅलोजनच्या उजेडात प्लॅस्टिकचे क्रेट, प्रत्येकात वीस-एक किलो लालभडक माल, आणि नजर पोचेल तिथवर पिकअप, पिकअप, पिकअप! आपल्यासाठी ती लाइफस्टाइल, इथे घरातली कमावती व्यक्ती. इथला माणूस फालतू खर्च करत नाही, त्यामुळे तो गाडीवर कशाला पैसे टाकतो ते बघण्यासारखं असतं. चहाच्या टपरीवर एका ड्रायव्हरदादांना विचारलं. ‘टायर, लायनर आन् मागं एक जादा पाटा. बाकी सगळा शो,’ त्यांनी विषय संपवला. मग माझ्या गाडीकडे बघून म्हणाले, ‘रिकामीच फिरवता ना? रिकामी पिकअप म्हणजी शेळी. उड्याच मारनार.’

माझी ट्यूब इथे पेटली. पिकअपचं वजन पुढे असतं, इंजिनावर. मागचे पाटे बनवलेले असतात ओझ्यासाठी. डबा रिकामा असला की मागच्या चाकांवर भार कमी, पाटे कडक, आणि खड्ड्यावर चाक क्षणभर रस्ता सोडतं. माझी व्ही-क्रॉस फोर-व्हील-ड्राइव्ह असली तरी रोजच्या वापरात ताकद जाते मागच्याच चाकांना. म्हणजे जिथे पकड सगळ्यात कमी, नेमकी तिथे मी 32 हजार देऊन ताकद वाढवली होती! आणि दादांचा जादा पाटा? तो त्यांच्या टोमॅटोसाठी बरोबर. माझ्या डब्यात तंबू आणि दोन सॅक. मी तो टाकला असता तर शेळीचं हरीण झालं असतं.

मग टायर बघितले. नक्षी टकाटक होती, म्हणून तर गाडी घेताना खूश झालो होतो. पण टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, ते कधी वाचलेत? पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या टायरवर होतं 2316. 2016 सालचा तेविसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर! आधीच्या मालकाने गाडी फारशी चालवलीच नव्हती, त्यामुळे नक्षी शाबूत आणि रबर लाकडासारखं. ओल्या डांबरावर ते काय कप्पाळ धरणार?

तर, नाना पेठ. यादीतली पहिली ओळ टायर. इथे मोह फार. शेजारच्या दुकानात ऑल-टेरेनचे जाडजूड गट्टू लावलेले होते, आणि 265/70 चा साइज ‘बसतो हो, सगळे टाकतात’. मी मोबाइलवर गणित केलं. माझा मूळ साइज 245/70 आर 16, उंची साधारण 749 मिलिमीटर. 265 वाला 777. जवळजवळ पावणेचार टक्के मोठा. म्हणजे स्पीडोमीटर 80 दाखवणार तेव्हा गाडी 83 ला, गिअर तेवढेच लांब, आणि चढाला इंजिन जास्त कुंथणार. आधी उंच टायर टाकून दम घालवायचा आणि मग तो परत आणायला रीमॅप करायचा, हा उद्योग मी बऱ्याच जणांचा पाहिलाय. माझं नव्वद टक्के रनिंग कोथरूड ते हिंजवडी. मुकाट्याने मूळ साइजचे, डांबरी रस्त्यावरचे टायर घेतले, तारीख वाचून. चार टायरना 50 हजारांच्या आसपास गेले. दुखलं, पण ठीक.

दुसरी ओळ ब्रेकची. पुढचे पॅड, मागचे लायनर आणि ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि मग त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट 4 चं नवं ऑइल 230 अंशांना उकळतं, पाणी शिरलं की हा आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइलमध्ये वाफ झाली, की पेडल सरळ फ्लोअरला! दोन वर्षांनी बदलायची ही वस्तू काही शे रुपयांची असते आणि गाडीवाले ती कायम विसरतात. तिसरी ओळ शॉकॅब्सॉर्बर. शेळीवरचा इलाज हाच, पाटा नव्हे. चौथी क्लच प्लेट, तिला नाइलाज होता.

रीमॅप काढून टाकला. मॅप परत कंपनीचा करायचे वर्कशॉपवाल्याने आणखी चार हजार घेतले, वरून ‘साहेब, गाडी मेल्यासारखी वाटेल हं,’ हेही ऐकवलं. वॉरंटी आणि इन्शुरन्सची भानगड असतेच. शिवाय जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत बदल चालणार नाहीत. पुढचे ते लोखंडी बुलबार तर केंद्राने डिसेंबर 2017 पासूनच बेकायदा ठरवलेत. तरी दर तिसऱ्या पिकअपला दिसतात, ही गोष्ट वेगळी.

या जुलैमध्ये परत गेलो. आळेफाट्याला वळताना धो धो पाऊस होता. शनिवार-रविवारी माळशेजला धबधब्यांखाली जत्रा भरते, बंदोबस्तही असतो, म्हणून रजा टाकून मंगळवार धरला. घाटात तेच वळण, तोच कठडा. दुसरा गिअर, हलका पाय. गाडी वळली आणि पुढे गेली. सांगण्यासारखं एवढंच. मित्राने गाणी चालूच ठेवली होती.

ओतूरला मामींनी मासवडी केली होती, वर झणझणीत रस्सा. मामा जेवण सोडून आधी अंगणात गेले, खाली बसले, टायरवर अंगठ्याचं नख दाबून बघितलं, चार आकडे वाचले. मग आत येऊन ताटावर बसले.

‘बरी झाली गाडी,’ म्हणाले. ‘आता उद्या पहाटं दहा क्रेट हायेत. नारानगावला टाकशील का?’