वऱ्हाडी फेस्टिव्हल आणि उमरेडचं पातेलं

थंडी पडली की शहरातल्या हॉटेलांना अचानक गाव आठवतं. मालवणी महोत्सव, राजस्थानी रसोई, चेट्टिनाड वीक, वऱ्हाडी तडका... होर्डिंग लागतं, कुणीतरी टीम लंच ठरवतं आणि आपण रांगेत हजर! दारात बैलगाडीचं चाक, फेटेवाला वेटर, पितळी हंडे आणि माणशी हजार-बाराशेचा बुफे. टॅक्स वेगळा.

नावं ठेवायचा इरादा नाही हं. मी या फेस्टिव्हलांची पक्की गिऱ्हाईक आहे. आपल्याच देशातलं जेवण स्टार हॉटेलात मानाने बसलं, ही काही छोटी गोष्ट नाही. मुंबईच्या ताज प्रेसिडेंटमध्ये शेफ आनंद सोलोमन यांनी 'कोंकण कॅफे' नावारूपाला आणलं ते किनाऱ्यावरच्या घरगुती पाककृतींच्या जोरावर. तेव्हा घरचं जेवण हॉटेलात नीट जाऊ शकतं. प्रश्न आहे तो दहा दिवसांच्या घाईत त्याचं काय होतं, हा.

मागच्या हिवाळ्यात नागपुरातल्या एका मोठ्या हॉटेलात वऱ्हाडी फेस्टिव्हल होता. मैत्रिणीच्या ऑफिसची गँग निघाली होती, मीही घुसले. पाटोडीचा रस्सा, डाळकांदा, वडाभात, झुणका, सावजी चिकन, सांबारवडी. चेन्नईचा एक मुलगा सांबारवडी बघून खूश झाला. मग त्याला कळलं की विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. बिचाऱ्याने तरी तीन खाल्ल्या! सगळं चविष्ट होतं. फक्त सावजी चिकन खाऊन कुणाचंच नाक वाहिलं नाही. नागपूरकर म्हणून मला तिथेच शंका आली.

काउंटरवरच्या शेफने सहज सांगितलं, "मॅडम, रेसिपी उमरेडच्या एका काकूंची आहे. त्या येऊन शिकवून गेल्या." बस, ठरलं. येत्या रविवारी उमरेड!

नागपूरहून दक्षिण-पूर्वेला साधारण ४५ किलोमीटर. एसटीने तासाभराचं, फार तर सव्वा तासाचं काम. पूर्वी नागपूर-नागभीड नॅरोगेज इथून डुलत जायची. ब्रॉडगेजच्या कामासाठी २०१९ मध्ये ती बंद झाली. बहुतेकांना उमरेड दोनच गोष्टींसाठी माहीत असतं, वेकोलिच्या कोळसा खाणी आणि कऱ्हांडल्याचे वाघ. सफारीवाले तर गावात चहालाही थांबत नाहीत. पण उमरेड हे जुनं विणकरांचं गाव. रेशीमकाठी धोतरांसाठी एकेकाळी त्याचं नाव होतं. आणि ज्याला आपण सावजी म्हणतो ते मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण. जवसाचं तेल, भाजून काळा केलेला मसाला आणि ताटलीच्या कडेला थांबणारी लाल तर्री. म्हणजे हॉटेलच्या मेन्यूकार्डावरची रेसिपी योग्य गावातून आली होती.

मात्र नाव चुकलं होतं. वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, वाशीम. तो मुलूख निजामाचा होता. १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. नागपूर होतं भोसल्यांचं. दोन्ही एका प्रांतात आले ते १९०३ मध्ये. ताटातही फरक आहे. तिकडे कापूस आणि ज्वारीची भाकर, इकडे पूर्वेला तलाव आणि धान. उमरेड बरोबर सीमेवर. गावाच्या पश्चिमेला कापूस, सोयाबीन. भिवापूर-नागभीडकडे निघालात की धानाच्या बांध्या लागतात. म्हणून इथल्या घरात भाकरही होते आणि भातही शिजतो. हॉटेलने सगळ्यालाच 'वऱ्हाडी' म्हणून टाकलं. पुण्याच्या मिसळीला कोल्हापुरी म्हणून बघा, काय होतं ते!

काकूंची खानावळ बाजाराजवळ. चार टेबलं, एक पंखा, पाटी नाही. खाणीतले कामगार, एसटीचे कंडक्टर, बाजाराला आलेले शेतकरी. मी बसले तशी पहिला प्रश्न आला, "तुले तिखट चालते न, पोरी?" हो म्हटलं. पाचव्या मिनिटाला डोळ्यांतून पाणी, दहाव्या मिनिटाला दुसरी वाटी. पाटोडी तीच, रस्सा तोच, पण हॉटेलात जो मागे कुठेतरी लपला होता तो खसखस-खोबऱ्याचा वास इथे आधी आला. तिखट त्याच्या मागून.

गर्दी ओसरल्यावर काकू बोलत्या झाल्या. हॉटेलवाल्यांनी चार दिवस बोलावलं होतं. पांढरा कोट दिला, त्यातला फोटो त्यांनी गल्ल्यावर लावलाय. मुलांनी 'शेफ' म्हणून हाक मारली, त्याचं त्यांना अजून हसू येतं. मग कामाला सुरुवात. जवसाच्या तेलाचा वास पाहुण्यांना चालणार नाही, म्हणून रिफाइंड. मिरची निम्मी, नंतर निम्म्याची निम्मी. "मंग म्या म्हटलं, बापू, आता याले सावजी नोका म्हणू." त्यांनी ऐकून घेतलं आणि पाटी तीच ठेवली.

हॉटेलचीही बाजू आहे. बुफेतला पदार्थ मंद आचेवर तीन-तीन तास थांबतो. पाहुणे दहा गावचे, एकाला तिखट लागलं की तक्रार लगेच मॅनेजरकडे. म्हणून टिकणारं आणि कुणालाच न दुखवणारं तेवढं निवडलं जातं. तव्यावरून थेट ताटात यायचं ते गळतं. लंबी रोटी वाचते, कारण उपड्या मडक्यावर ती टाकताना बघायला मजा येते! मोसमी गोष्टींचा तर प्रश्नच नाही. पहिल्या पावसानंतर उगवणारी तरोट्याची कोवळी भाजी किंवा मार्च-एप्रिलमधली मोहफुलं डिसेंबरच्या मेन्यूत येणार कुठून?

हे सगळं समजू शकते. मिरचीचं मात्र मला पटलं नाही. काकूंचा मसाला भिवापुरी मिरचीचा. भिवापूर, उमरेड, कुही या पट्ट्यातली ही छोटी, लालभडक, जाड सालीची मिरची. तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग आहे. भिवापूरच्या सातऱ्यांवर बायका दिवसभर मिरचीचे देठ खुडत बसतात, डोळे चुरचुरतात, हाताची आग रात्रीही जात नाही. आणि तरीही देशी वाण मागे पडत चाललंय. रोग, खर्च आणि बाजारात संकरित मिरचीची गर्दी. शेतकऱ्याने तरी किती दिवस अभिमानावर शेती करायची? ज्या मिरचीसाठी हे जेवण ओळखलं जातं ती फेस्टिव्हलमध्ये निम्म्यावर आणायची, आणि उरलेली निम्मी भलत्याच गावची वापरायची, हे जरा अति झालं. हॉटेलात आलेली तिखटाची पाकिटं नेहमीच्या पुरवठादाराची होती, असं काकू म्हणाल्या.

काकूंना चार दिवसांचे पैसे मिळाले, खानावळीच्या कमाईपेक्षा जास्त. त्या खूश आहेत आणि पुन्हा बोलावलं तर जातील. कार्डावर आपलं नाव नव्हतं, हे मी सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या. "गावाचं तरी टाकाले पायजे होतं," एवढंच म्हणाल्या.

तर मंडळी, फेस्टिव्हलला जरूर जा. टीमला न्या, फोटो काढा. फक्त प्लेट भरण्याआधी शेफला तीन प्रश्न विचारा. हे कुणी शिकवलं? मिरची कुठली? आणि या मोसमात तिथे खरंच काय खातात? दहा टेबलांवरून हेच प्रश्न गेले तर पुढच्या वर्षी कार्डावर 'उमरेडची पाटोडी, भिवापुरी मिरची' असं छापणं हॉटेलला मुळीच जड नाही. आपण 'सिंगल ओरिजिन' कॉफीला जास्त पैसे मोजतोच की! तिखटाची दुसरी वाटी वेगळी ठेवा, ज्याला हवं तो घेईल, हेही सांगून बघा.

आणि उमरेडला जाणार असाल तर दुपारी एकच्या आत पोचा. दोनला काकूंचं पातेलं रिकामं होतं.