चोवीस तासांची शिकवणी

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे दोन गैरसमज असतात. एक, त्याला कर्ज मंजूर करता येते. दुसरा, त्याला जगातला कुठलाही फॉर्म भरता येतो. पहिला गैरसमज व्याजाचा दर ऐकला की दूर होतो. दुसरा मात्र निवृत्तीनंतरही टिकतो असे जुने सहकारी सांगतात. आमच्या सोसायटीतले रेशनकार्डापासून हयातीच्या दाखल्यापर्यंतचे सगळे कागद संध्याकाळी माझ्याच टेबलावर येऊन पडतात. अलीकडे त्यांत सगळ्यात जाड गठ्ठा असतो तो आरोग्यविम्याचा, आणि त्या गठ्ठ्यात सगळ्यात जास्त कागद असतात ते मधुमेहाचे.

यात आमच्या सोसायटीचा काही विशेष दोष नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही निघाले. म्हणजे साधारण नऊ मोठ्या माणसांत एक. आमच्या जिन्यात हे प्रमाण सणासुदीला याहून बरेच जास्त असावे.

आता मधुमेह हा रोग इतर रोगांसारखा नाही. इतर रोगांत डॉक्टर औषध देतात आणि रोगी ते घेतो, किंवा घेतले असे सांगतो. इथे रोग्यालाच अर्धा डॉक्टर व्हावे लागते. साखर कधी मोजायची, इन्शुलिनची सुई रोज जागा बदलून कुठे टोचायची, साखर एकदम उतरून दरदरून घाम आला आणि हात थरथरू लागले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, रोज रात्री आरसा धरून स्वतःचे तळवे बघायचे, हे सगळे शिकावे लागते. बॉस्टनच्या डॉ. एलियट जोस्लिन यांनी रोग्यांसाठी असे शिकवणारे पुस्तक १९१८ साली काढले होते. इन्शुलिनचा शोध लागला १९२१ साली. म्हणजे मधुमेहाची शिकवणी इन्शुलिनपेक्षाही वयाने मोठी आहे.

आमच्या तळमजल्यावरचे अण्णा गणिताचे निवृत्त शिक्षक. साखर निघाल्यावर डॉक्टरांनी त्यांना अशाच शिकवणीला धाडले. चार बैठका, रुपये दोन हजार. चाळीस वर्षे दुसऱ्यांना शिकवलेला माणूस, त्याने पहिल्या बाकावर बसून वहीभर टिपणे काढली आणि पावती माझ्या टेबलावर ठेवली. "बघ रे, मेडिक्लेममध्ये बसतंय का."

मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार नम्र होती.

"सर, पेशंट ॲडमिट कधी झाले?"

"झाले नाहीत."

"मग डिस्चार्ज कधी झाले?"

"अहो, ते शिकायला गेले होते. रोज दीड तास."

"सॉरी सर. चोवीस तास पाहिजेत."

मी अण्णांना हे सांगितले. ते गणिताचे शिक्षक. त्यांनी लगेच हिशेब केला. "चार बैठकांचे सहा तास झाले. अजून अठरा तास बसायला माझी तयारी आहे. डबा घेऊन जातो."

पण नुसते बसून भागत नाही. दाखल व्हावे लागते. आणि नुसत्या तपासणीसाठी दाखल झालात तरी पैसे मिळत नाहीत, असे आणखी एक कलम असते. पॉलिसीच्या शेवटी एक यादी असते. माझ्याखेरीज ती कुणी वाचत असेल असे वाटत नाही. तिच्यात आहारतज्ज्ञाचे शुल्क सापडले. ते वेगळे मिळत नाही, उपचाराच्या खर्चातच धरायचे. त्याच्या शेजारी कोण बसलेले? चूळ भरायचे औषध, स्पिरिटचे बोळे आणि साखर मोजायच्या पट्ट्या. अण्णांची शिकवणी कंपनीच्या लेखी गुळणीच्या पंक्तीला होती.

कंपनीच्या बाजूनेही बोलले पाहिजे, नाहीतर माझे बी.कॉम. वाया जाईल. विमा असतो तो अनिश्चित नुकसानीचा. आग लागली तर, चोरी झाली तर, माणूस आडवा झाला तर. शिकवणीत आडवे कुणी होत नाही (आमच्या बँकेच्या प्रशिक्षण वर्गाचा अपवाद सोडून). शिवाय पॉलिसी असते एका वर्षाची, आणि आज शिकलेल्याचा फायदा दिसणार दहा वर्षांनी. २०११ पासून तर गिऱ्हाइकाला कंपनी बदलायचीही मुभा आहे. म्हणजे झाड आपण लावायचे आणि आंबे पुढच्या कंपनीने खायचे. असे झाड कोण लावील? सरकारचा हिशेबही फारसा निराळा नाही. २०१८ सालच्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत खर्च मिळतो, पण तोही रुग्णालयात दाखल झाल्यावर.

इथपर्यंत गंमत होती. दोन हजार रुपयांनी अण्णांचे काही अडले नाही. अडले ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे.

काकूंना साखर बारा वर्षांची. त्यांनाही डॉक्टरांनी त्याच शिकवणीला जायला सांगितले होते. जिन्यात त्यांनी मला विचारले, "अण्णांचे पैसे मिळाले का हो?" मी म्हटले, "नाही, पॉलिसीत बसत नाही." "मग राहू दे," काकू म्हणाल्या. "फारसं जरुरीचं नसणार. असतं तर कंपनीनं दिले नसते का?"

मी बावीस वर्षे लोकांचे कागद पाहतो आहे, पण नियमाची अशी ताकद तोवर माझ्या लक्षात आली नव्हती. कंपनीने फक्त एवढेच ठरवले होते की पैसे कशाचे द्यायचे. काकूंनी त्यावरून ठरवले की गरज कशाची आहे.

एप्रिलात काकूंनी नवसाच्या प्रदक्षिणा अनवाणी घातल्या. भर दुपारी, तापलेल्या फरशीवर. तळव्याला फोड आले ते त्यांना कळलेच नाहीत, कारण पायांची जाणीव केव्हाच गेली होती. आरसा धरून तळवे पाहायचे असतात हे त्यांना कुणी शिकवलेले नव्हते. जूनमध्ये उजव्या पायाचा अंगठा काढावा लागला. रुग्णालयात नऊ दिवस, बिल एक लाख चाळीस हजार. तो फॉर्मही मीच भरला. माझ्या आयुष्यात इतका सरळ मंजूर झालेला क्लेम दुसरा नाही. एक प्रश्न नाही, एक त्रुटी नाही. घरी आल्यानंतरच्या साठ दिवसांचे ड्रेसिंगसुद्धा मिळाले.

अण्णांचे थोरले बंधू न्यू जर्सीत असतात. वय अठ्ठ्याहत्तर, साखर त्यांनाही. (खानदानी आहे, असे अण्णा अभिमानाने सांगतात.) त्यांच्याकडे पासष्टी ओलांडलेल्यांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे आणि ती १९९७ सालच्या कायद्यापासून शिकवणीचे पैसे देते, हे ऐकून मला त्या देशाबद्दल आदर वाटू लागला. पण नियम ऐकले आणि आपुलकीही वाटू लागली. पहिल्या वर्षी दहा तास. त्यांतले नऊ घोळक्यात बसून, एक तास एकट्याने. मोजणी अर्ध्या अर्ध्या तासाने. डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. ठरलेली पहिली रक्कम पदरची गेल्यावरही शंभराला वीस आपल्या खिशातून. हे दहा तास आयुष्यात एकदाच, आणि बारा महिन्यांत संपवले नाहीत तर बुडाले. आमच्या कॅज्युअल लीव्हसारखे. पुढे वर्षाला दोन तास.

मी म्हटले, "निदान देतात तरी. मग सगळे जात असतील?" तर तसेही नाही. तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०१४ साली आकडे छापले होते. खासगी विमा असलेल्या आणि नव्याने मधुमेह निघालेल्या माणसांपैकी पहिल्या वर्षात शिकवणीला गेलेले शंभरात सातही नव्हते. आपल्याकडे दार नाही. त्यांच्याकडे दार आहे, पण आत कुणी शिरत नाही.

आपल्याकडेही आता जादा हप्ता घेऊन दाखल न होता घेतलेल्या उपचाराचे थोडेफार पैसे देणाऱ्या पॉलिसी निघाल्या आहेत. अण्णांनी तो हप्ता विचारला, पाटीवर हिशेब केल्यासारखा बोटांनी हवेत हिशेब केला, आणि म्हणाले, "त्यापेक्षा मी वर्ग काढतो."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या पार्किंगमध्ये अण्णांचा वर्ग भरतो. फी नाही, चिठ्ठी नाही, तासांची मोजणी नाही. हजेरीपट मी लिहितो, कारण बँकेत आहे. औषधाचा प्रश्न आला की अण्णा उत्तर देत नाहीत. "तो विषय माझ्याकडे नाही" म्हणून डॉक्टरांकडे पाठवतात. बाकी सगळे शिकवतात आणि पुढच्या रविवारी विचारतात. गृहपाठ न केलेल्याला उभे करतात, मग तो सोसायटीचा चेअरमन असला तरी.

नव्या माणसाला आधी चपला काढून तळवे दाखवायला सांगतात. चारचौघांत पाय वर करायला माणूस लाजतो. मग पहिल्या खुर्चीवरच्या काकू काही न बोलता आपला उजवा पाय पुढे करतात. त्यानंतर कुणी लाजत नाही.