एक चिठ्ठी वेगळी

खोटे बोलणे ही एक कला आहे आणि ती मला येते, असा माझा परवाच्या भाऊबीजेपर्यंत समज होता.

त्या दिवशी बहीण, मेहुणे आणि भाची आमच्याकडे आली होती. ओवाळणी झाली, फराळ झाला, पुन्हा एकदा फराळ झाला. आता पुरुषमंडळी लवंडणार एवढ्यात भाची म्हणाली, "मामा, झोपायचं नाही. खेळ खेळायचा."

"पत्ते?"

"छे! चिठ्ठ्या."

चिठ्ठ्या म्हटल्यावर मी सावरून बसलो. राजा-राणी-चोर-शिपाई खेळण्यात आमचे बालपण गेले. राजाला हजार गुण, चोराला भोपळा आणि शिपायाने चेहरे पाहून चोर ओळखायचा. मला चोराची चिठ्ठी आली की माझे कान लाल होत, त्यामुळे शिपायाला फार तपास करावा लागत नसे.

भाचीचा खेळ त्याच्या पुढचा होता. सात जणांना सात चिठ्ठ्या. सहांवर एकच शब्द, सातवीवर त्याच्या जवळचा दुसरा. म्हणजे सहा जणांना 'छत्री' तर एकाला 'रेनकोट'. आपला शब्द कोणाला दाखवायचा नाही. प्रत्येकाने त्याविषयी एकेक वाक्य बोलायचे, आधीच्याचे वाक्य पुन्हा वापरायचे नाही आणि शेवटी मते टाकून वेगळ्या चिठ्ठीवाल्याला पकडायचे. भलताच माणूस पकडला गेला, तर वेगळा जिंकला. गंमत अशी, की आपण वेगळे आहोत हे त्या वेगळ्यालाही आधी ठाऊक नसते! फार उघड बोललात, तर वेगळा सावध होतो आणि तुमच्या सुरात सूर मिसळतो. फार मोघम बोललात, तर सगळे तुमच्याकडेच पाहू लागतात. सरकारी पत्रव्यवहारात माझी ३३ वर्षे गेली असल्याने मोघमपणाची मला धास्ती नव्हती.

"हे सगळं रशियातून आलंय, मामा," भाचीने माहिती पुरवली. १९८६ साली मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदोव्ह नावाच्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने 'माफिया' नावाचा खेळ काढला. थोड्यांना सगळे ठाऊक आणि पुष्कळांना काहीच नाही, असे झाले की काय होते, हे त्याला दाखवायचे होते. त्यासाठी त्याने खेळ कशाला काढला कळेना. कुठल्याही कचेरीत आठवडाभर बसला असता तरी भागले असते. पुढे २०१४ साली 'स्पायफॉल' आला. त्यात सगळ्यांना जागा ठाऊक, फक्त हेराला नाही.

पहिला डाव माईआत्याने बुडवला. चष्मा सापडेना म्हणून तिने चिठ्ठी शेजारच्या वकीलसाहेबांपुढे धरली आणि खणखणीत आवाजात विचारले, "काय हो लिहिलंय? चकली का?" दुसऱ्या डावात मेहुणे 'पोळी'विषयी "गोल असते" म्हणाले आणि 'भाकरी'वाली माझी बहीण "हो, अगदी गोल!" म्हणून सुखाने सुटली.

तिसऱ्या डावात माझ्या चिठ्ठीत शब्द निघाला : जिलबी.

आता तुम्हाला म्हणून सांगतो, गेल्या वर्षी डॉक्टरांनी माझे गोड बंद केले आहे. आणि रोज सकाळी मी फिरायला जातो, त्या रस्त्यावर एक दुकान आहे.

बहीण म्हणाली, "लग्नात हवीच." ही म्हणाली, "पाकात सोडतात." मेहुणे म्हणाले, "मठ्ठ्याशिवाय मजा नाही." वकीलसाहेब म्हणाले, "सरळ कधीच नसते, माझ्या अशिलांसारखी." माईने "आमच्या वेळी आग्रहाची असायची" म्हणून उसासा टाकला. मुलगा म्हणाला, "गरम असतानाच खावी." सगळे चांगले मुद्दे संपले. मी घसा खाकरून म्हणालो, "गोड असते."

झाले! सगळे माझ्यावर तुटून पडले. वकीलसाहेबांनी तर उलटतपासणीच आरंभली. मी घायकुतीला येऊन म्हणालो, "अहो, सकाळी सातला ताजी मिळते! कागदाला पाक लागतो. रविवारी तर रांग असते!"

खोलीत शांतता पसरली. ही शांतपणे म्हणाली, "डॉक्टरांनी गोड बंद केलेला माणूस सकाळी सातला रांगेत कशाला उभा राहील? हे ऐकीव सांगताहेत. वेगळी चिठ्ठी यांचीच."

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. खरे बोलून डाव वाचवायचा, किंवा गप्प बसून अब्रू वाचवायची. मी गप्प बसलो. सहा मतांनी पकडला गेलो आणि चिठ्ठी उघडली : जिलबी! म्हणजे डावही गेला आणि अब्रूही.

हिने आपली चिठ्ठी पुढे केली. 'बालुशाही'. मठ्ठ्याचे नाव निघताच तिने सगळे ओळखले होते.

रात्री सगळे गेल्यावर मी म्हणालो, "तुला ठाऊक होतं?"

"तीन महिन्यांपासून. सदऱ्याच्या खिशाला मुंग्या लागायच्या."

"मग बोलली का नाहीस?"

डबे झाकता झाकता ती म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होते. आमच्या बाबांनी असंच लपवलं होतं. आम्हाला कळलं, तेव्हा पायाचं बोट काढावं लागलं."

यावर मोघम असे काही बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चपला घालून दारात उभी राहिली. आम्ही दोघे निघालो. दुकानावरून जाताना दुकानदाराने सवयीने कागद उचलला, हसला आणि म्हणाला, "आज दोघांसाठी का काका?"

मी चेहरा कोरा ठेवायचा प्रयत्न केला. पण माझे कान लाल झाले असावेत, कारण ही हसू लागली.