सरावाची चाकं

सरावाची चाकं म्हणजे लहान मुलांच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी लावतात ती नव्हेत, हे फुफीजानना आम्हाला दोनदा समजावून सांगावं लागलं. रेसिंग सायकल चालवणारे बरेच जण चाकांचे दोन जोड बाळगतात. हलका, महागडा जोड शर्यतीपुरता आणि दणकट जोड रोजच्या सरावाला. आमच्या झोयाला मामूंनी आपली वापरलेली रोड बाइक दिली, ती कार्बनच्या रिंगांसकट. ती फजरनंतर कोल्हापुराहून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागते. हंगामात तिथं उसाच्या ट्रॉल्या आणि अंधुक उजेडात न दिसणारे खड्डे. एक कार्बन रिंग फुटली, तर धाकट्याची वर्षाची फी गेली म्हणायची. म्हणून साधा ॲल्युमिनियमचा जोड घ्यायचं ठरलं. एकूण २० हजारांत, आणि हप्त्यावर नाही.

पूर्वी दुसरा जोड ठेवायचं एक मोठं कारण ब्रेक हे होतं. ब्रेकचं रबर रिंगेवर घासायचं आणि रिंगच झिजायची. आता डिस्क ब्रेक आल्यावर झिजतो तो रोटर. दुसरा जोड लागतो तो खड्ड्यांसाठी आणि हबमध्ये शिरणाऱ्या चिखलपाण्यासाठी. त्यामुळे वजनाच्या जाहिरातींकडे आम्ही फारसं पाहिलं नाही. सरावात तीन-चारशे ग्रॅम जास्त ओढले तर बिघडलं काय?

एका दुकानदाराने जुन्या पद्धतीचा जोड निम्म्या किमतीत पुढे केला. "बसेल हो भाभी, थोडं ॲडजस्ट करू." त्या हबवर रोटर लावायची सोयच नव्हती. मागचा हब १३० मिलिमीटरचा, आणि झोयाच्या सायकलीला लागतो १४२ चा. पुढे १००, आणि दोन्हीकडे १२ मिलिमीटर जाडीचा आरपार ॲक्सल. पन्हाळ्याच्या उतारावर पोरीला "थोडं ॲडजस्ट" करून सोडायची आमची तयारी नव्हती.

रोटरचेही दोन प्रकार. एक सहा स्क्रूंचा, दुसरा दातेरी खाचांत बसवून एकाच मोठ्या चकतीने आवळायचा, त्याला सेंटरलॉक म्हणतात. सेंटरलॉक हबवर ॲडॉप्टर लावून सहा स्क्रूंचा रोटर बसवता येतो, म्हणून आम्ही तोच हब धरला. मागच्या हबवर गिअरची कॅसेट बसते तो भागही शिमानोच्या ११ स्पीडचा आहे ना, हे झोयाने स्वतः पाहून घेतलं.

चाकांची किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे, हे मात्र दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. दोन रोटर आणि एक कॅसेट वेगळी घ्यावी लागते. नाहीतर चाकं बदलताना दर वेळी ती एका जोडावरून काढून दुसऱ्यावर चढवा, आणि आठवड्यात कंटाळा ठरलेला. टायर-ट्यूब घरात होते. बाकी हिशेब बाजूला काढल्यावर खुद्द चाकांना १२ हजार उरले.

तेवढ्यात काय घ्यावं, याचं उत्तर आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्या चाचांनी दिलं. साधे, वाकड्या डोक्याचे स्पोक घ्या, ते गावात मिळतात. पुढे २८, मागे ३२. एखादा तुटला तरी चाक थोडं आउट होतं, पण हळूहळू घरी येता येतं. मोजकेच स्पोक असलेल्या देखण्या चाकाचा एक तुटला, की रिंग फ्रेमला घासायला लागते. हब छर्रे आणि कोनचा असेल तर उत्तमच. उघडा, पुसा, ग्रीस भरा, बंद करा. रिंगेला आतून टायर धरणारी कड हवी, म्हणजे नेहमीचे टायर-ट्यूब चालतात.

चाचांनीच जोड बांधून दिला. दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आउट काढायला या, असंही बजावलं. पहिल्या दिवशी रोटर पॅडला घासून चिंचिं आवाज करत होता. रोटरखाली पातळ वायसर घातल्यावर थांबला. नवी कॅसेट जुन्या चेनवर चढवण्याआधी चेन मापून घेतली, कारण ताणलेली चेन नवे दाते लवकर झिजवते.

पुढच्या महिन्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे आहे, साडेतेरा तासांत संपवायची. झोया म्हणते, कार्बनची चाकं लावू. आम्ही म्हणतो, हीच राहू देत. अजून एकमत झालेलं नाही.