परक्या घरात मांडलेला संसार

क्राकोहून आलेली गाडी पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या मुख्य स्टेशनात थांबते आणि बाहेर आल्यावर आधी डोळ्यांत भरतो तो रंग. हळदीपेक्षा गडद, केशरीपेक्षा जरा फिका. बुरूज आणि कंगोरे असलेली किल्ल्यासारखी इमारत. ती १८५७ सालची. तेव्हा हे शहर प्रशियाच्या राज्यात होतं आणि त्याचं नाव होतं ब्रेस्लाऊ.

महायुद्ध कसं संपलं ते बघायला लोक बर्लिनला जातात, न्युरेंबर्गला जातात. मला बघायचं होतं, ते संपल्यावर माणसांचं काय झालं. त्यासाठी व्रोत्सवाफला पर्याय नाही. १९३९ साली इथे सव्वासहा लाखांच्या वर वस्ती होती आणि ती बहुतेक सगळी जर्मन. पुढच्या दहा वर्षांत रस्ते तेच राहिले, नदी तीच राहिली, ट्रामचे रूळसुद्धा तेच; माणसं मात्र जवळपास एकूण एक बदलली. एवढं मोठं शहर असं बदलल्याचं उदाहरण युरोपात दुसरं सापडणं कठीण.

स्टेशनाहून ट्रामने ग्रुनवाल्दस्की चौकात गेलो. चौक म्हणायचा तो नावापुरता. प्रत्यक्षात हा एक अफाट रुंद, सरळसोट रस्ता आहे. दोन्ही बाजूंना उंच इमारती, मॉल, कॉलेजची पोरं, मधून ट्राम. एवढी रुंदी कुठून आली? १९४५च्या फेब्रुवारीत सोव्हिएत फौजांनी शहराला वेढा घातला. हिटलरने ब्रेस्लाऊला आधीच ‘किल्ला’ जाहीर केलं होतं, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत लढायचं. विमानतळ हातचा जाणार हे दिसताच नाझी पक्षाचा इथला सुभेदार कार्ल हांके याच्या राजवटीने शहराच्या मधोमध धावपट्टी करायला घेतली. त्यासाठी स्वतःच्याच शहरातली घरं, चर्चं सुरुंग लावून पाडली. ढिगारे साफ करायला बायका आणि कोवळी पोरं जुंपली आणि वरून बॉम्ब पडत असताना त्यांतली कित्येक मेली. याच हांकेने जानेवारीत बायकामुलांना शहर सोडायचा हुकूम दिला होता. गाड्या पुरेशा नव्हत्या, म्हणून कडाक्याच्या थंडीत, बर्फातून, चालत. त्या वाटेवर किती तान्ही पोरं गारठून गेली याचे हिशेब वेगवेगळे आहेत, पण एकही हिशेब लहान नाही. शरणागती झाली ६ मे १९४५ला. बर्लिन पडून चार दिवस झाले होते, हिटलर मरून सहा. आणि हांके? तो त्याच सुमारास छोट्या विमानात बसून पसार झाला. सगळ्यांना मरेस्तोवर लढायला सांगणारी माणसं शेवटी कुठे असतात, ते इतिहासात फार शोधावं लागत नाही.

वेढा उठल्यावर याच मोकळ्या पट्ट्यावर बाजार भरू लागला. बेवारस घरांतून उचललेली शिलाई मशिनं, पियानो, गालिचे, दारांच्या मुठी असं काहीही. विकणारेही उपाशी आणि घेणारेही. अर्धाअधिक पोलंड या ‘पश्चिमेकडे’ नशीब काढायला निघाला होता. कुणी राहायला, कुणी नुसतं पोतं भरून परत जायला.

आता हे सगळं का घडलं, ते सांगायला हवं. युद्धात स्टालिनने पोलंडचा पूर्व भाग गिळला होता आणि तो परत द्यायची त्याची तयारी नव्हती. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी त्याला होकार दिला. बदल्यात पोलंडला जर्मनीचा पूर्व भाग द्यायचा. जुलै-ऑगस्टमध्ये पॉट्सडॅमला ओदर आणि नायसे या नद्यांपर्यंतचा भाग पोलंडच्या ताब्यात द्यायचं ठरलं. जर्मन लोकसंख्येचं स्थलांतर ‘सुव्यवस्थित आणि माणुसकीने’ व्हावं असंही कागदावर आलं. जेवायला बसलेल्या माणसाचं ताट सरकवावं तसा एक अख्खा देश पश्चिमेला सरकवला. पूर्वेकडची पोलिश माणसं मालगाड्यांत भरून इकडे आली. इकडची जर्मन माणसं तशाच मालगाड्यांत भरून पलीकडे गेली. मध्य आणि पूर्व युरोपातून अशी हाकललेली जर्मन माणसं एक कोटीहून जास्त भरतात.

ओळखीतून ओळख निघून मला बिस्कुपिन भागातल्या एका घरी चहाला बोलावणं आलं. झाडीतला शांत भाग, उतरत्या छपरांची घरं. वेढ्यात हा भाग त्या मानाने वाचला. घरच्या आजी नव्वदीकडे झुकलेल्या, पाठीचा कणा मात्र ताठ. त्यांची नात इंग्रजीत सांगायची आणि आजी मधेच तिला थांबवून दुरुस्ती करायच्या, म्हणजे इंग्रजी त्यांना बऱ्यापैकी कळत असावं. स्वयंपाकघरात फळीवर चिनीमातीचे पांढरे डबे होते, निळ्या नक्षीचे. त्यांवर जुन्या वळणाच्या जर्मन अक्षरांत मीठ, साखर, पीठ असं लिहिलेलं. पिठाच्या डब्यात आजी शिवणाची बटणं ठेवतात. साखरेच्या डब्याचा कान तुटलाय, तो कुणी तरी तारेने बांधलाय. तार गंजून काळी पडली आहे. ती आजींच्या आईने बांधली की आधीच्या बाईने, हे आजींना ठाऊक नाही.

‘आम्ही आलो तेव्हा ती इथेच होती,’ आजी म्हणाल्या. ती म्हणजे घराची जर्मन मालकीण. पूर्वेकडच्या तर्नोपोलजवळच्या गावाहून आजींचं कुटुंब निघालं, एका डब्यात दोन घरं आणि एक गाय. इथे पोचल्यावर कचेरीतून हातात चिठ्ठी मिळाली, तीवर हा पत्ता. वरच्या मजल्यावर हे, खाली ती बाई आणि तिच्या दोन मुली. काही महिने एकाच चुलीवर दोघींचा स्वयंपाक. गॅसची शेगडी आजींच्या आईने जन्मात पाहिली नव्हती. ती कशी पेटवायची ते त्या बाईने खुणांनी शिकवलं. मग एक दिवस तिला निघायचा हुकूम आला. नेता येईल तेवढंच सामान. ती जाताना भांडली का, रडली का, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, तिने फरशी पुसली. दारापर्यंत पुसत गेली आणि फडकं बाहेर वाळत घातलं.

आजींच्या वडिलांनी मात्र त्या घराला बरीच वर्षं हात लावला नाही. खिडक्यांचा रंग उडाला, छप्पर गळायला लागलं. ते म्हणायचे, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू. पेटी बोळात उभी, अर्धी भरलेली. जर्मन परत येतील, किंवा आपण तरी परत जाऊ, अशी दोन टोकांची खात्री एकाच माणसाच्या मनात. हे त्यांचं एकट्याचं नव्हतं. नव्या पोलिश सरकारने या प्रदेशाला ‘परत मिळवलेली भूमी’ म्हटलं. हजार वर्षांपूर्वीच्या प्यास्त राजांचा हवाला दिला, १९४८ साली शतकोत्सव सभागृहाजवळ भव्य प्रदर्शन भरवलं, त्यासाठी उभारलेला पोलादी सुळका अजून तिथे आहे. पण त्याच सरकारने इथल्या पडझडीतल्या विटा वॅगन भरभरून वॉर्साला बांधकामासाठी नेल्या, आणि विटा कमी पडतात म्हणून काही धडक्या इमारतीही उतरवल्या. जाहिरात कायमची, वागणूक उपऱ्याची. लोकांनी त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं.

बोलता बोलता मी त्यांना कोल्हापूरचं सांगितलं. माझं गावच ते. १९४०पासून सोव्हिएत पोलिसांनी पूर्व पोलंडमधल्या लाखो माणसांना सायबेरियाकडे, कझाकस्तानकडे हाकललं होतं. त्यातली काही १९४२ साली इराणमार्गे बाहेर पडली आणि त्यांतली सुमारे पाच हजार, बहुतेक बायकामुलं, कोल्हापूर संस्थानात पंचगंगेकाठी वळिवड्याला येऊन राहिली. १९४३ ते १९४८. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, दवाखाना, सगळं एका छोट्या पोलिश गावासारखं. युद्ध संपल्यावर त्यांनी घरी जायचं. पण घर आता सोव्हिएत युनियनमध्ये होतं. थोडी माणसं पोलंडला परतली, बरीचशी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी पांगली. काही जण कोल्हापूरच्या दफनभूमीतच राहिले. वळिवड्याची वसाहत रिकामी होते न होते तोच तिथे फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं राहायला आली. आजचं गांधीनगर, जिथे सगळा दक्षिण महाराष्ट्र लग्नाचा कपडा घ्यायला जातो, ते हेच. आजींनी हे शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘त्या सिंध्यांना बराकीत भांडी मिळाली का?’ मला उत्तर देता आलं नाही. गावाच्या इतिहासाच्या कुठल्या पुस्तकात हा प्रश्न मी तरी वाचलेला नाही.

दुसऱ्या दिवशी व्रोत्सवाफचा मुख्य चौक पाहिला. चौकात नाटककार अलेक्सांदर फ्रेद्रो खुर्चीत बसलेला आहे. हा पुतळा १८९७चा, ल्वूव शहरातला. म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या ल्विवचा. १९५६ साली तो इथे बसवला, आणि पूर्वी त्याच जागी प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा होता. ल्वूवहून इथे बरंच काही आलं. ओस्सोलिनेउमचं ग्रंथालय आलं. विद्यापीठातली माणसं आली, त्यांत गणिती ह्यूगो श्टाइनहाउस. रात्स्वावीत्सेच्या लढाईचं ते प्रचंड गोल चित्र आलं, ११४ मीटर लांब आणि १५ मीटर उंच. १७९४ साली पोलिश सेनानी कोश्च्युश्कोच्या शेतकऱ्यांनी कोयत्यांनी रशियन तोफा काबीज केल्याचा तो प्रसंग. रशियनांना मार खाताना दाखवायचं कसं, या पेचात साम्यवादी सरकारने ते चित्र जवळपास चाळीस वर्षं गुंडाळून ठेवलं. लोकांना दिसलं १९८५ साली. आत उभं राहिलं की खरं गवत कुठे संपतं आणि रंगवलेलं कुठे सुरू होतं ते कळत नाही. शाळेच्या सहलीतल्या एका पोराने ते हात लावून तपासायचा प्रयत्न केला आणि बाईंचा ओरडा खाल्ला.

जर्मनांच्या दुःखाबद्दल लिहिताना लेखणी सांभाळावी लागते. म्हणून ‘पांढरा करकोचा’ या नावाच्या सिनेगॉगमध्ये आवर्जून गेलो. १८२९ सालचं हे प्रार्थनागृह १९३८च्या नोव्हेंबरात नाझींनी सिनेगॉग जाळले तेव्हा वाचलं, कारण आग शेजारच्या घरांना लागली असती. याच्याच अंगणात पुढे शहरातल्या ज्यूंना गोळा करून मृत्यूच्या गाड्यांकडे नेलं. ज्या शेजाऱ्यांनी ते खिडकीतून पाहिलं, त्यांच्यातल्या अनेकांवर चार वर्षांनी घर सोडायची वेळ आली. मला ही फिटंफाट वाटत नाही. लहान मुलीला मालगाडीत बसवणं हा कुठल्याच गुन्ह्याचा न्याय होत नाही. पण क्रम विसरून चालत नाही, आणि जर्मनीतल्या काही स्मरणग्रंथांत तो सोयीस्कर विसरला जातो हेही खरं.

जर्मन दफनभूमीही गेल्या. साठ-सत्तरच्या दशकांत त्या सपाट करून बागा केल्या, थडग्यांचे दगड बांधकामात वापरले. ग्राबिशिन भागातल्या बागेत २००८ साली त्या उरल्यासुरल्या दगडांची एक लांब भिंत उभारली आहे. कुणाचं आडनाव अर्धं, कुणाचं फक्त जन्मसाल. एक बाई कुत्र्याला घेऊन त्या भिंतीला वळसा घालून गेली, तिच्या रोजच्या वाटेवरच आहे ती.

जर्मन परत येतील ही भीती कधी गेली? १९६५ साली पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना पत्र लिहिलं, त्यात क्षमा केली आणि क्षमा मागितलीही. पत्राच्या मागे मुख्य हात व्रोत्सवाफचे बिशप बोलेस्लाव कोमिनेक यांचा. सरकार खवळलं, आपण कसली क्षमा मागायची, असं सामान्य माणसांनाही वाटलं. पण १९७० साली पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट यांनी वॉर्सात करार करून ओदर-नायसेची सीमा मान्य केली, आणि एकत्र झालेल्या जर्मनीने नोव्हेंबर १९९०मध्ये त्यावर अंतिम सही केली. पंचेचाळीस वर्षं. आजींच्या वडिलांनी खिडक्यांना रंग दिला तो ब्रांट यांच्या सहीनंतरच्या उन्हाळ्यात.

तेव्हा शेवटी ती सीमाच बघावी म्हणून पश्चिमेची गाडी पकडली. डब्यात समोर एक तरुण बाई फोनवर युक्रेनियनमध्ये बोलत होती. २०२२च्या रशियन हल्ल्यापासून व्रोत्सवाफमध्ये हे नेहमीचं. ल्विव तिथून आलेल्यांचंही आहे आणि आता तिथून पळालेल्यांचंही. तिच्या पोराने खिडकीला नाक लावलं होतं.

नायसेच्या एका काठावर जर्मन ग्योर्लित्स, दुसऱ्यावर पोलिश झगोझेलेत्स. १९४५पर्यंत हे एकच गाव होतं. मधला जुना पूल ७ मे १९४५ला, युद्ध संपायला दिवस उरलेला असताना, माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने उडवला. तो पुन्हा बांधला गेला २००४ साली, आणि २००७च्या डिसेंबरात पासपोर्ट तपासणीही उठली. दुपारी पुलावर चांगली वर्दळ होती. ग्योर्लित्सचे म्हातारे पिशव्या घेऊन पोलंडकडे सिगारेटी आणायला निघाले होते, तिकडे त्या स्वस्त पडतात. पोलंडहून दोन पोरी जर्मन बाजूच्या दुकानात कामाला चालल्या होत्या आणि उशीर झाल्यामुळे धावत होत्या. पुलाच्या पोलिश टोकाला एका टपरीवर मी पिएरोगी मागवले. टपरीवाल्याने किंमत युरोत सांगितली, मी झ्लोटी पुढे केले, तर त्याने तेही घेतले आणि सुट्टे मात्र युरोत परत दिले.