डायरीवरचा प्लॉट

सुपर कॉरिडॉरजवळचा तो प्लॉट स्वस्त होता. दलाल म्हणाला, "आत्ता डायरीवर घ्या, रजिस्ट्री नंतर." माझ्याकडे १२ लाख होते, त्यातले चार बाबांच्या ग्रॅच्युइटीचे.

रामबागेतल्या काकांची अशीच एक डायरी १५ वर्षं कपाटात पडून आहे. रजिस्ट्री झालीच नाही. बाबांनी एवढंच विचारलं, "रेरा नंबर काय?" दलाल हसला.

२०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. हा निम्मे पैसे रोख मागत होता.

मी नाही म्हणालो. मित्राने घेतला, भाव वाढलेत म्हणतो. ऐकून चुटपुट लागते, खोटं कशाला बोलू?

रविवारी दुसरा प्लॉट बघायला चाललोय. बाबाही येताहेत. नंबर आधीच मागवून तपासलाय.