पाहुणी वाघीण

तळघरात रेल्वे बांधणाऱ्या माणसाला पहिली काही वर्षं दुसऱ्या कुणाची गरज भासत नाही. डोंगर तोच रचतो, बोगदे तोच पाडतो, स्टेशनांची बारशी तोच करतो. आपल्या मुलखात सध्या उन्हाळा आहे की पानगळ, तेही झाडांना रंग देऊन तोच ठरवतो. गावाच्या टोकाला पिठाची गिरणी असते. तिच्यात गहू येतो तो मालकाच्या मनातून आणि पीठ जातं तेही त्याच्याच मनात. मग एखाद्या संध्याकाळी मालगाडी रुळांच्या शेवटापर्यंत येऊन थांबते आणि त्याच्या ध्यानात येतं, की एवढा घाट चढून आलेल्या या गाडीला जायला जागाच नाही. पुढे भिंत आहे. भिंतीपलीकडे वॉशिंग मशीन.

अमेरिकेतल्या या लघुरेल्वेच्या छंदाचं कौतुक करणारे बहुधा इंजिनांचं कौतुक करतात. वाफेची चित्कारणारी शिटी, डिझेलची घरघर, हेडलाइटचा ठिपका. मला मात्र या छंदातली सगळ्यात सुरस वस्तू मालाचा डबा वाटते, आणि तोही दुसऱ्याच्या मालकीचा. कुणीतरी आपली वाघीण, म्हणजे मालडबा, फोमच्या पेटीत निजवून दोन गावं ओलांडून मित्राच्या तळघरात आणतो, त्याच्या रुळांवर ठेवतो आणि तिथेच सोडून घरी जातो. बदल्यात मित्राची एक वाघीण घेऊन जातो. कुणी पोस्टानं पाठवतात. एचओ मापात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शात, चाळीस फुटी बंद डबा चौदा सेंटिमीटर भरतो. शर्टाच्या खिशातही मावला असता. पण खिशात घालून नेताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

पुण्यात भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या डोळ्यांपुढे दिवे, सिग्नल, एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या येतील. तो पाहण्याचा आनंद, आणि तो मोठाच आहे. ओहायोत माझ्या एका स्नेह्याच्या तळघरात दर महिन्याला जमणारी मंडळी मात्र गाड्या पाहायला येत नाहीत, कामावर येतात. एकजण डिस्पॅचर, एकजण यार्डमास्तर, बाकीचे ड्रायव्हर आणि गार्ड. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम चौपट वेगानं पळवलेलं, म्हणजे तीन तासांत बारा तासांची पाळी उरकते. प्रत्येक वाघिणीच्या नावे एक कार्ड, कार्डाच्या खिशात एक बिल्टी. कुठून निघाली, कुठे जायचंय, कोणत्या जंक्शनवरून, आत काय. एक खेप पुरी झाली की बिल्टी फिरवायची, वर नवा पत्ता येतो. असे चार पत्ते. वाघिणीत प्रत्यक्षात काहीही नसतं. दारं बहुतेकदा चिकटवलेलीच असतात. तरी चुकीच्या साइडिंगला लागलेला डबा पाहून हे पोक्त गृहस्थ जे हळहळतात, त्यावरून आतलं लोणी वितळायला लागलंय असं वाटावं.

हे नाटक आहे हे त्यांना ठाऊक असतं. न्यू ऑर्लिन्सच्या फ्रँक एलिसननं १९४० च्या दशकात तसं उघड लिहूनच ठेवलं होतं: मांडलेली रेल्वे म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे पात्रं, वेळापत्रक म्हणजे कथानक. पण रंगमंचाला विंगा लागतात, आणि विंगेत काय आहे हा प्रश्न पुढच्या पिढीनं घेतला. डेटनच्या अ‍ॅलन मॅक्लेलंडनं अ‍ॅपलेशियन डोंगरातली कोळसा वाहणारी ‘व्हर्जिनियन अँड ओहायो’ नावाची रेल्वे आपल्या घरात उभी केली. जगाच्या नकाशावर ती कुठेच नव्हती. त्याचं म्हणणं असं, की तळघरात दिसतो तो एका मोठ्या जाळ्याचा तुकडा. गाडी पडद्याआड गेली म्हणजे संपली नाही, ती देशात गेली. तिकडे न्यू जर्सीत टोनी कोस्टरची ‘अ‍ॅलेगनी मिडलंड’ होती, तीही तितकीच काल्पनिक. या दोन रेल्वेंनी एकमेकींना जोडरेल्वे मानलं, एकीच्या नावाच्या वाघिणी दुसरीवर फिरू लागल्या.

मला हा भाग फार आवडतो. एका माणसानं मनात एक कंपनी काढली तर तो छंद. दुसऱ्याच्या मनातल्या कंपनीनं तिचा डबा बिनतक्रार स्वीकारला, त्याची बिल्टी वाचली, तो ज्याचा त्याला परत धाडला, की मग ती कंपनी आहे. राष्ट्रांचंही याहून फारसं वेगळं नसावं.

खऱ्या रेल्वेंना हे शहाणपण यायला बराच काळ आणि बरीच बोटं खर्ची पडली. बोटं हे मी अक्षरशः म्हणतोय. जुन्या पद्धतीत दोन डब्यांच्या मधे उभं राहून कडी धरायची आणि खिळा घालायचा. ब्रेकमनच्या हाताची बोटं मोजून त्याची नोकरी किती जुनी ते कळत असे, असं सांगतात. व्हर्जिनियात कापडाच्या दुकानात कारकुनी करणाऱ्या इलाय जॅनीनं १८७३ मध्ये दोन वळलेले हात एकमेकांत अडकावेत तशा कपलरचं पेटंट घेतलं, आणि १८९३ च्या कायद्यानं आपोआप जुळणारे कपलर सक्तीचे झाले. रुळांचंही तेच. दक्षिणेकडच्या रेल्वे पाच फुटी, उत्तरेकडच्या त्याहून अरुंद. १८८६ मध्ये मे संपता संपता दोन दिवसांत दक्षिणेनं ११ हजारांहून जास्त मैलांवरचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवला. तोवर रुंदी बदलली की गाडीतला माल उतरवणं किंवा डब्याची चाकं बदलणं आलंच. आपल्याकडे कुर्डुवाडीला बार्शी लाइटच्या अडीच फुटी गाडीतली पोती मोठ्या गाडीत चढवणाऱ्या हमालांच्या पाठी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना त्या तीन इंचांची किंमत सांगायला नको.

डबा दुसऱ्याच्या रुळांवर जाऊ लागला की नवी भांडणं. तुमची वाघीण माझ्याकडे मोडली तर दुरुस्ती कुणाची? चाक आधीच झिजलेलं होतं की माझ्या सांध्यानं खाल्लं? यासाठी १८६७ मध्ये डबे बांधणाऱ्या मास्तर मंडळींनी संघ काढला आणि देवाणघेवाणीचे नियम लिहायला घेतले. ठेवून घेतलेल्या परक्या डब्याचं भाडं १९०२ पासून दिवसाला २० सेंट ठरलं. मध्यरात्री डबा ज्याच्या हद्दीत, त्यानं ते द्यायचं. मग काय, रात्री अकराच्या सुमारास जंक्शनांवर एकच लगबग: बाराच्या आत परके डबे शेजाऱ्याच्या हद्दीत ढकला! वीस सेंटांसाठी इंजिनं धावत. हा हिशेब तळघरात अजून कुणी सुरू केलेला नाही, पण सुचवून पाहायला हरकत नाही.

एक नियम मात्र मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गालात हसलो. परका डबा रिकामा झाला की शक्यतो त्याच्या मूळ रेल्वेच्या दिशेनं जाणारा माल भरून तो पाठवावा. माल नसेल तरच रिकामा, आणि तोही आलेल्या वाटेनं. वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांतून निघालेला हा नियम माझ्या आजीला तोंडपाठ होता. शेजारणीकडून भाजीचं भांडं आलं की ते कधी रिकामं परत जात नसे. काहीच नसलं तर तळाशी चिमूटभर साखर. भांड्यावर नाव कोरलेलं असे, तसं वाघिणीच्या अंगावर मालकाच्या कंपनीची आद्याक्षरं असतात. दोन ते चार अक्षरं. शेवटी एक्स असला तर ओळखावं, की हिची मालक रेल्वे कंपनी नव्हे, कुणी तेलवाला किंवा डबे भाड्यानं देणारा.

छंदातल्या रेल्वेनं हा सगळा इतिहास पुन्हा एकदा, लहान आकारात, भोगला. सुरुवातीच्या काळात ज्याची चाकं त्याच्याच रुळांवर चालत, एकाचा हुक दुसऱ्याच्या हुकाला ओळख देत नसे. १९३५ मध्ये मिलवॉकीत या लोकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली ती मुख्यतः यासाठी, की मित्राकडे डबा नेला तर तो चालावा. चाकांमधलं अंतर किती, कडेची जाडी किती, वजन किती, सगळं ठरलं. एचओला आधी एक औंस, मग लांबीच्या दर इंचाला अर्धा. म्हणजे आपली चाळीस फुटी वाघीण पावणेचार औंसांची, शंभरेक ग्रॅम. हलकी असेल तर वळणावर आडवी होते. कपलरचा प्रश्न ओरेगनच्या कीथ आणि डेल एडवर्ड्स या जुळ्या भावांनी सोडवला. दोघांच्या आद्याक्षरांवरून कंपनी झाली केडी. जॅनीच्या कपलरसारखाच वळलेला हात, खाली ब्रेकच्या नळीसारखी दिसणारी लोखंडी तार, आणि रुळांमधे लपवलेलं चुंबक. डबा चुंबकावर आला की तार ओढली जाते, हात उघडतो. बोटं शाबूत.

तरीही पाहुण्या वाघिणीला थेट आत घेत नाहीत. यजमान तिला उचलतो, उलटी करतो, चाकांना धातूची मापपट्टी लावतो, कपलरची उंची बघतो, तराजूवर ठेवतो. मग येतो काळाचा प्रश्न. अंगावर बांधणीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. यजमानाच्या मुलखात १९५४ चा शरद ऋतू चालू असेल आणि वाघीण १९७० च्या भडक पिवळ्या रंगात आली, तर ती अजून जन्मलीच नाही. छतावर चालायची फळी आहे का? १९६६ पासून नव्या डब्यांवर ती बसवणं बंद झालं, म्हणजे फळी नसलेला नवा डबा पन्नासच्या दशकात दिसला की गहजब. रिव्हेट मोजणारे म्हणून या पंथाची टिंगल होते. मी टिंगल करणाऱ्यांत आहे, पण पारपत्र तपासणारा अधिकारी जिथे असतो तिथेच परदेश असतो, हेही मला मान्य आहे.

आत येण्याचं दार बहुधा एक आखूड रूळ असतो, पडद्यामागे नाहीसा होणारा किंवा टेबलाच्या कडेला तुटणारा. तिथून पुढे वाघीण हातानं उचलली जाते. इंजिनांना चाकांच्या संख्येवरून नावं देतात, ०-६-०, ०-८-० अशी. या हाताला मंडळी ०-५-० म्हणतात. पाच बोटं. सगळ्यात ताकदवान शंटिंग इंजिन, आणि कामाच्या वेळी ते वापरणं कमीपणाचं. पण दोन तळघरांच्या मधल्या ऐंशी मैलांत तेवढंच चालतं.

मालक बदलला की यजमानाच्या वागण्यात जो फरक पडतो तो बघण्यासारखा असतो. स्वतःचा डबा घसरला तर तो चुटकीसरशी उचलून ठेवतो. पाहुण्याचा घसरला तर काम थांबतं, रुळाला डोळा लावून पाहणी होते, ‘नादुरुस्त’ची चिठ्ठी कार्डात जाते, आणि रात्री मालकाला फोन. ज्या जगात पावसापासून पिठापर्यंत सगळं आपल्या मर्जीनं चालतं, तिथे हा एकच चौदा सेंटिमीटरचा तुकडा मर्जीबाहेरचा. त्याच्यासाठी सांधे दुरुस्त होतात, वेळापत्रक पाळलं जातं. अनेक जण कबूल करतात, की पाहुण्यांचे डबे येऊ लागल्यावर आपले रूळ सुधारले.

मॉन्टेरेच्या जॉन अ‍ॅलनची गोष्ट या छंदात सगळ्यांना ठाऊक असते. त्याची ‘गॉरी अँड डिफिटेड’, लिहायची वेगळी आणि उच्चारताना ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ ऐकू यावा अशी. डोंगरांना जमिनीपासून छतापर्यंत नेणारी. १९७३ च्या जानेवारीत तो गेला आणि काही दिवसांतच त्या घरातली रेल्वे आगीत गेली. आज तिच्या नावाच्या वाघिणी शेकडो मैल दूरच्या तळघरांतून फिरताना दिसतात, बहुतेक नंतर कुणीतरी आदरानं रंगवलेल्या. मोठ्या रुळांवरही हे घडतं. पेन सेंट्रल १९७६ मध्ये कॉनरेलमध्ये विरली, तरी तिचे हिरवे डबे पुढे कित्येक वर्षं देशभर धावत होते. हिशेबाच्या सोयीसाठी जुन्या अक्षरांवर रंगाचा चौकोन मारून नवी अक्षरं लिहितात, एवढंच.

माझ्या स्नेह्याच्या मंडळींतले एक वयस्क गृहस्थ गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांची रेल्वे मोडली, घर विकलं गेलं. त्यांच्या काही वाघिणी त्या वेळी इतरांच्या तळघरांत पाहुण्या होत्या. नियमाप्रमाणे त्या घराच्या दिशेनं निघायला हव्यात. मुलीला विचारलं, ती म्हणाली, तुम्हीच चालवा. अक्षरांवर रंग मारायला कुणी तयार होईना. मग बिल्ट्या नव्यानं लिहायचं ठरलं आणि त्यावर कॉफीचे दोन जग संपले. रिकाम्या डब्यानं कोणत्या वाटेनं परत जायचं हा रकाना भरताना एकानं त्यांचं जुनं जंक्शनच लिहिलं, दुसरा म्हणाला तिथे आता रूळ नाहीत, तिसरा म्हणाला तिथे रूळ होते कधी! शेवटी एकीला मोटारीचे सुटे भाग मिळाले, एकीला पीठ. पिठाची वाघीण सध्या माझ्या स्नेह्याच्या यार्डात आहे. तिच्या मागच्या कपलरची तार खाली लोंबते आणि सांध्यावर अडकते. यार्डमास्तरनं चिठ्ठी लावली आहे, आणि ती तार वाकवायचा खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा यावर अजून एकमत झालेलं नाही.